हिराकाकींचं भजन

कोल्हारात नगर-मनमाड रस्त्याला लागून आमचं मंगल कार्यालय आहे. लग्नसराईत तिथं पाय ठेवायला जागा नसते आणि सराई सरली की आत पारवे घुमतात. हिराकाकी तिथं मागच्या दारानं यायच्या. पुढचं गेट सताड उघडं असलं तरी मागच्याच, जिथून आचारी आणि भांडी येतात तिथून. डोक्यावर पदर, नजर खाली, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत टाळ. आत आल्या की पिशवी खुंटीला अडकवायच्या, पदराचं टोक कमरेला खोचायच्या, डोक्यावरचा मात्र तसाच ठेवायच्या, आणि म्हणायच्या, "लई लाज वाटती गं सुमन."

मग बॅट उचलायच्या.

हे रोजचं. एक दिवस चुकून तरी लाज वाटायची राहील, असं नाही. मी आधी समजूत घालायचे, नंतर वैतागायचे, पुढं पुढं "बरं, वाटू द्या, बॉल टाकते" एवढंच म्हणायचे. माझं सगळं उलटं. मला लाज कशी ती नाही, हे माझ्या सासूबाईंनी मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात पाहुण्यांसमोर सांगून ठेवलेलं. कार्यालय चालवायचं म्हणजे आचाऱ्यापासून नवरदेवाच्या मामापर्यंत सगळ्यांशी भांडावं लागतं. लाजून कसं चालेल?

हिराकाकींना कशाचीही लाज वाटायची. दवाखान्यात कंपाउंडरनं नाव पुकारलं तर त्या उठायच्या नाहीत, कारण उठल्या की भरल्या बाकांना कळणार, हिराबाई ती हीच. लग्नात पहिल्या पंक्तीला बसायची लाज. मुलानं पुण्याहून लाल फुलांची छत्री आणली, तर ती कधी उघडली नाही. पावसात पोतं पांघरून यायच्या. आजारी पडायची तर भलतीच लाज. शुगर लागली तेव्हा ती गोष्ट त्यांनी चोरी केल्यासारखी लपवली. पायाला बोचलेला काटा चिघळत गेला, आणि डोळे उघडेपर्यंत डाव्या पायाची करंगळी गेलेली होती. डॉक्टरांनी बजावलं, रोज हालचाल करा, घाम येऊ द्या, नाहीतर ही शुगर उरलेला पायही मागायला येईल.

आता चालायचं कुठं? शहरातल्या बाया बूट घालून चालतात, त्यांना कोणी विचारत नाही. आमच्याकडं बाई रस्त्यानं दिसली की पहिल्या ओट्यापासून सुरुवात. "काय काकी, कुठं?" बिनकामाचं चालतेय असं सांगायचं म्हणजे काकींना मरण. म्हणून त्या हातात रिकामी किटली धरून निघायच्या, जणू डेअरीला चालल्यात. झालं भलतंच. "जाताच आहात तर आमचंही घाला की दूध," असं एकीनं म्हटलं, मग दुसरीनं. नाही म्हणायची लाज. थोड्याच दिवसांत या बाई अर्ध्या आळीचं दूध वाहायला लागल्या, आणि दमल्या की आमच्या कार्यालयाच्या मागच्या पायरीवर किटल्यांच्या गराड्यात बसायच्या.

तिथंच त्यांना बॅट भेटली. माझे गुडघे धरले होते, वजन वाढलं होतं, तेव्हा मी आणि मांडवाला फुलं पुरवणारी शकू, दोघी दुपारी हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या बॉलनं खेळायला लागलो होतो. माझ्या मुलाची जुनी बॅट मोडक्या खुर्च्यांमागं सापडलेली. त्या दिवशी बॉल काकींच्या पायाशी गेला. मी म्हटलं, "काकी, या, मारा एक." त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, दार लावायला लावलं, आणि बॅट धरली ती धोपाटणं धरतात तशी. प्रवरेच्या घाटावर जन्मभर गोधड्या धुतलेली बाई. बॉल असा सणसणत गेला की वरपक्षाच्या खोलीचं दार उघडून आत शिरला.

"आगं बया," काकी म्हणाल्या, "लागलं का कुनाला?"

पुढं निवृत्त शाळामास्तरीण कुसुमबाई आल्या, आणखी दोघी-तिघी आल्या. कुसुमबाईंनी नियम केले. वधूपक्षाच्या खोलीला दोन रन, वरपक्षाच्या खोलीला चार, नवरा-नवरीच्या स्टेजवर थेट गेला तर सहा, पंख्याला लागला तर आउट. "वधूपक्षाला दोनच का?" असं शकूनं विचारलं. मी म्हटलं, "अगं, या हॉलमध्ये पहिल्यापासून तसंच चालत आलंय."

काकींचं खेळणं बघायला पाहिजे होतं. कोणी आउट म्हणायच्या आत त्या निघालेल्या असायच्या. कित्येकदा तर आउट नसतानाही. कुणाची दांडी उडवली की जाऊन तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या, "चुकून झालं गं माय." आणि रन काढताना जोरात ओरडणं त्यांना जमेना. पलीकडच्या टोकाला उभ्या राहून, उंबऱ्याबाहेर थांबल्यासारख्या हळूच विचारायच्या, "येऊ का?" तोवर बॉल परत आलेला असायचा. "काकी, विचारू नका हो, पळा!" म्हणून कुसुमबाईंचा घसा कोरडा पडायचा. पण पळायला लागल्या की त्या बाईला आवरणं नाही. घामानं चिंब व्हायच्या, गाल लाल व्हायचे. शुगर उतरली. पायाच्या मुंग्या कमी झाल्या. डॉक्टर म्हणाले, "काय करता हो सध्या? तेच चालू ठेवा." काकींनी खाली बघून सांगितलं, "भजन." पुढं ते डॉक्टर म्हणे आणखी दोन-तीन पेशंटना भजन सुचवू लागले.

हे भजनाचं लफडं असं सुरू झालं. काकींचे यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा पुण्याला. घरात कर्ते म्हणजे थोरले दीर, अण्णा. धोतर, टोपी, ऐंशीच्या घरातले, सप्ताह कमिटीचे मुख्य. एकदा यांच्या गाईनं शेजाऱ्याच्या रानातला घास खाल्ला, तर कोणी तक्रार करायच्या आत हा माणूस दोन भारे घास घेऊन शेजाऱ्याच्या दारात उभा. अशा घरात काकी नांदलेल्या. आणि रीत अशी की धाकट्या भावजयीनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही. काकी कधी बोलल्याच नाहीत. चहा झाला की त्या दाराला सांगायच्या, "पोरी, अण्णांना म्हनावं च्या झाला." पोरगी म्हणजे अण्णांची नात, ती तिथं नसली तरी. अण्णाही भिंतीला म्हणायचे, "म्हनावं, येतो." दोघांचं अख्खं आयुष्य असं तिसऱ्याच्या तोंडून चाललेलं, आणि त्यात कधी काही अडलं नाही.

एक दिवस अण्णांनी नातीला विचारलं, "तुझी आजी दुपारची कुठं जाती गं?" काकी दाराआड. तोंडातून निघून गेलं, "म्हनावं, भजनाला." अण्णा इतके खूश झाले की त्यांनी स्वतः बाजारातून टाळ आणून उंबऱ्यावर ठेवले. तेव्हापासून ती पिशवी. आम्हीही मग सोय करून घेतली. गेटची कडी वाजली की बॅट स्टेजवरच्या सिंहासनामागं जायची, टाळ निघायचे, आणि आम्ही सगळ्या जोरजोरात "रामकृष्णहरी" सुरू करायचो. त्यापुढचं एक अक्षर कोणाला येत नव्हतं. मला तर भारी मजा वाटायची. काकी टाळ वाजवताना डोळे घट्ट मिटून घ्यायच्या. लोकांना वाटायचं, बाईचा भाव लागला. मला ठाऊक होतं, ती लाज होती.

सप्ताह जवळ आला तसे एका दुपारी अण्णा स्वतः नारळ घेऊन आले. आम्ही घामेजलेल्या, शकूचा श्वास लागलेला, टाळ एकदाचे हातात आले होते. अण्णांनी हिराकाकींकडं पाठ केली आणि मला म्हणाले, "सुमनबाई, काल्याच्या आदल्या सांजंला मांडवात तुमची सेवा लावलीय. कमिटीत मी सांगितलं, आमच्या धाकल्या बाई रोज भजनाला जात्यात. लई बरं वाटलं मानसांना." नारळ माझ्यापुढं ठेवला आणि गेले.

मी म्हटलं, "त्यात काय, चार अभंग मोबाईलवर ऐकून पाठ करू." शकू म्हणाली, "ओठ हलवू नुसते, स्पीकरवर लावून देऊ." आम्ही हसायला लागलो. हिराकाकी स्टेजच्या पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "मानसांशी खोटं बोलले ते बोलले. आता मांडवात, देवापुढं? माझ्यानं न्हाई व्हायचं." दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "घरी चल माझ्यासंगं. अण्णांना सांगायचंय. मी तुला सांगते, तू त्यांना सांग."

ओसरीवर अण्णा बाजेवर सुपारी कातरत बसलेले. मी मध्ये सतरंजीवर. काकी दाराआड.

"सुमन, अण्णांना म्हनावं, त्या मांडवातल्या भजनाचं बोलायचं हुतं."

"अण्णा, काकींना भजनाचं बोलायचंय."

"म्हनावं, बोला."

"सुमन, अण्णांना म्हनावं, आमाला भजन येतच न्हाई."

अडकित्ता थांबला. दार तीन हातांवर, अण्णांना शब्द न् शब्द ऐकू गेलेला. पण रीतीप्रमाणं, मी सांगेपर्यंत त्यांनी काही ऐकलेलं नव्हतं. ते माझ्याकडं बघत बसले. मला वाटलं, देवानं ही फट ठेवलीय ती माझ्यासाठीच. काढावं बिचारीला यातून. मी म्हणाले, "अण्णा, काकी म्हणतात, त्यांचा घसा बसलाय. यंदा जमायचं नाही."

मग दार करकरलं आणि हिराकाकी बाहेर आल्या. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, नजर फरशीत. अण्णांच्या बाजेसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"अण्णा, ही खोटं सांगती. आमाला भजन येत न्हाई. आमी तिथं बॅटबॉल खेळतो."

मी मान खाली घातली. अण्णा अजून माझ्याकडंच बघत होते, त्यांना दुसरीकडं बघता येत नव्हतं.

"बॅटबॉल?"

"व्हय," काकी म्हणाल्या.

"पोरं खेळत्यात तसलं?"

"व्हय. पायासाठी. टाळ नुसतं दाखवायला हुतं."

अण्णा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते सुपारीच्या खांडांकडं बघत म्हणाले, "मी कमिटीत सांगून बसलो." थोड्या वेळानं म्हणाले, "ह्या घरात आल्यापासून धाकल्या बाई आज पयल्यांदा माझ्याशी बोलल्या. आन् बोलल्या ते हे." टोपी घातली आणि मांडवाकडं गेले.

तिथं त्यांनी काय सांगितलं, ते संध्याकाळपर्यंत गावभर झालं. अण्णांनी सांगितलं की आमच्या धाकल्या बाईंचा घसा बसलाय. माझंच खोटं, जसंच्या तसं, माझ्या तोंडातून उचलून त्या माणसानं देवाच्या मांडवात नेलं. कोणाच्या पानातलं मीठ ज्यानं चुकून घेतलं नाही, तो. आयुष्यात मला लाज म्हणजे काय ते तेव्हा कळलं. कान तापतात, आणि आपल्याच घरातल्या आरशासमोर उभं राहवत नाही.

काकींनी तर पुढं कमाल केली. अण्णांचा शब्द खोटा पडू नये म्हणून सप्ताह संपेपर्यंत त्या बोलल्याच नाहीत. पंक्तीत वाढताना नुसत्या खुणा. बाया खडीसाखर घेऊन यायच्या, ज्येष्ठमध घेऊन यायच्या, कोणी अडुळशाचा काढा. शुगरची बाई, खडीसाखर पदराला बांधून ठेवायची आणि काढा मुकाट प्यायची. माझ्यासमोरून दोनदा गेल्या. मी बघू शकले नाही.

सप्ताह झाला आणि काकी यायच्या बंद झाल्या. मी बोलवायला गेले तर म्हणाल्या, "टाळ देवापुढं ठेवले. आता नगं." मी शुगरचं सांगितलं, पायाचं सांगितलं, डॉक्टरांची भीती घातली. त्या म्हणाल्या, "अण्णा जन्मात कदी खोटं बोलले नव्हते, सुमन. माझ्या एका पायापायी बोलले. कुठल्या तोंडानं खेळू मी?" पुन्हा गेले, पुन्हा तेच. बॅट बहुतेक सिंहासनामागंच पडून असायची. शकू आणि मी कधीमधी खेळायचो, पण त्यात राम नव्हता.

पावसाळा संपता संपता एक दिवस अण्णा आले. एकटे, काठी टेकत, पुढच्या गेटनं. पाणी दिलं, ते घेतलं नाही.

"सुमनबाई, धाकल्या बाईंचा पाय पयल्यासारखा वाजंना."

मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. त्यांनी भावजयीचं तोंड कधी बघितलं नव्हतं. घरात त्या कुठं आहेत ते त्यांना पावलांवरून कळायचं. गेले काही दिवस एक पाऊल ओढल्यासारखं येत होतं. चपलेनं फोड आला होता, तो फुटला होता, आणि काकींनी त्याला चिंधी बांधून कोणाला दाखवला नव्हता. वास येतो म्हणून लाज वाटत होती. अण्णांनी नातीकरवी चिंधी सोडायला लावली तेव्हा कळलं.

"डागदरकडं नेलं. पट्टी चाललीय. डागदर म्हनतो, पायावर जोर न देता हात हलवा, अंग हलवा. ह्या खोली सोडत न्हाईत." अण्णा काठीकडं बघत होते. "त्यांना म्हनावं, मी कमिटीत जाऊन खरं सांगून आलोय. हसली मानसं. हसू द्या. माझा शब्द गेला तो गेला, त्यांनी पाय घालवू नये."

मी म्हटलं, "अण्णा, हे तुम्हीच सांगा ना त्यांना. त्या बोलल्या होत्या तुमच्याशी."

अण्णांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "लाज वाटती."

मी गेले. या वेळी मी एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही. काकींनी पदर तोंडाला लावला आणि रडल्या, आणि रडता रडता म्हणाल्या, "कमिटीत सांगितलं? सगळ्या मानसांत? आता गावात तोंड कसं दाखवू गं?" पण आल्या.

त्यानंतर लगेच लग्नसराई लागली आणि हॉल खेळायला बंद झाला. मुलगा येऊन काकींना पुण्याला घेऊन गेला. जखम आत खोल गेलेली होती. ऑपरेशन झालं, पाय वाचला असंही फोनवर कळलं, आणि तिसऱ्या दिवशी काळीज थांबलं. सप्ताहानंतरचे ते चार महिने त्या कार्यालयात येत राहिल्या असत्या तर? डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, सांगता येत नाही. मला वाटतं, येतं. मी रचलेल्या घशाच्या गोष्टीनं त्यांना घरात बसवलं, हे मला कोणी सांगायची गरज नाही.

म्हणून त्यांची आठवण काढायची तर मी पुण्याची काढत नाही. त्या परत आल्या त्या दुपारची काढते. अण्णा पुढं, काकी दहा पावलं मागं, पायाला पांढरी पट्टी, रस्त्यावरच्या चहाच्या टपरीसमोरून, उजेडात, पुढच्या गेटनं. टपरीवरची माणसं बघत होती. काकींचा पदर हनुवटीपर्यंत. अण्णांनी प्लॅस्टिकची खुर्ची मागून घेतली, गेटाबाहेर टाकली आणि रस्त्याकडं तोंड करून, आमच्याकडं पाठ करून बसले. आम्ही त्या दिवशी अंगणात खेळलो, कारण हॉलमध्ये मांडववाल्यांचं सामान येऊन पडलं होतं. काकींनी उभ्यानंच मारायचं, त्यांच्या वाटचं शकूनं पळायचं, असं ठरलं.

पहिले दोन बॉल काकींनी सोडले. तिसरा असा हाणला की तो कंपाउंडवरून गेला आणि बरोबर अण्णांच्या पायाशी पडला. अण्णांनी वाकून तो उचलला, हातात फिरवून बघितला. आमच्याकडं वळायचं तर नाही. मग त्यांनी तो डोक्यावरून, मागं न बघता, उलटा फेकला. बॉल आमच्याकडं आलाच नाही, शेजारच्या टेम्पोत भरलेल्या शेणखतात जाऊन रुतला.

आणि हिराकाकी हसल्या. मोठ्यानं, दिराच्या देखत, खदाखदा. पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना, बॅटवर रेलून हसत राहिल्या, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी गेटाकडं बघितलं. अण्णा तसेच रस्त्याकडं तोंड करून बसलेले, आणि त्यांचे खांदे हलत होते.